रोजचा अर्धा तास आणि जपानी चित्रं

जेक्वेरी हे नाव वेबसाइट बनवणाऱ्या कुणालाही नवं नाही. पण 2006 साली ही जावास्क्रिप्ट लायब्ररी आणणाऱ्या जॉन रेसिगला जपानी ठसाचित्रांचं जबर वेड आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं. लाकडी ठशांवरून छापलेली ही चित्रं. नोकरी सांभाळून त्याने 2012 च्या अखेरीस उकियो-ए डॉट ऑर्ग ही वेबसाइट सुरू केली. चित्राचा फोटो टाकला की त्याच्या आणखी प्रती कुठल्या संग्रहालयांत आहेत, ते समोर येतं. दोन लाखांहून जास्त चित्रं आहेत तिथे! एकदा शिरलात की तास कसा जातो कळत नाही.

असे प्रकल्प नोकरीबरोबर पुढे कसे नेले, ते त्याने 2014 मध्ये लिहिलं. आधी स्वतःचे प्रकल्प मुख्यतः शनिवार-रविवारी व्हायचे. एखादा वीकेंड हुकला की आठवड्याचा खंड, आणि पुढच्या वेळी मागचं आठवण्यातच वेळ जायचा. मग नियम केला: रोज किमान अर्धा तास, मध्यरात्रीच्या आत, उपयोगाचाच कोड. नुसतं इंडेंटेशन नीट केलं तर ते धरायचं नाही. लिहिलेलं सगळं गिटहबवर खुलं.

मला पटलं ते वेगळंच. रोज थोडं होत असल्यामुळे सुट्टीचा दिवस घरच्यांबरोबर घालवताना जीव प्रकल्पात अडकत नाही. शिवाय फिरताना, अंघोळ करताना डोक्यात काम मुरत राहतं.

घरात लहान मूल असेल तर मध्यरात्रीची अट मात्र मी सोडेन. पहाटेचा चहा आणि अर्धा तास बरा. रिलीजच्या आठवड्यात तोही नाही.