हँडलची थैली तीन ठिकाणी बांधा. औषध मात्र तिच्यात नको



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात मोटारसायकली पुष्कळ झाल्या, तरी वावरात जाणारी सायकल काही गेलेली नाही. सकाळी पांदणीने निघालेल्या कोणत्याही सायकलीचे हँडल पाहा. एका मुठीला भाकरीची थैली, दुसऱ्या मुठीला पाण्याची कॅन, मध्ये विळा, आणि फवारणीचे दिवस असले तर त्याच थैलीत औषधाची बाटलीसुद्धा. ही रोजची गोष्ट म्हणून कोणी तिच्याकडे लक्ष देत नाही. पण माणूस पडतो तो याच थैलीमुळे, आणि विषही घरच्या अन्नात शिरते ते याच थैलीतून. म्हणून आज या लहानशा थैलीविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

थैली झोके का घेते?

बैलगाडी भरताना आपण किती जपतो! माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर भार येतो. हा हिशेब शेतकऱ्याच्या अंगात भिनलेला असतो, पण सायकलला तो कोणी लावत नाही. हँडल म्हणजे तराजूची दांडी समजा. मुठीला दोन किलोचे ओझे टांगले की चाक त्या अंगाला वळू पाहते. तेच ओझे मध्यावर, हँडलच्या खुंटाजवळ आणले तर ही ओढ जवळजवळ नाहीशी होते.

शिवाय टांगलेली वस्तू लंबकासारखी हलते. पावसाळ्यानंतर आपल्या काळ्या मातीत गाडीच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात. अशा वाटेवर प्रत्येक धक्क्याला थैली झोका घेते आणि हँडलला हिसका देते. थैलीचा बंद किंवा कोपरा पुढच्या चाकाच्या तारांत गेला तर चाक जागीच अडते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. पुसदकडच्या उतारावर असे झाले तर काय होईल ते सांगावयास नको.

तीन बांधण्या

सायकलवर सामान लादून शेकडो मैल हिंडणारे हौशी प्रवासी परदेशात आहेत, आणि आता आपल्याकडेही झाले आहेत. ते हँडलपुढे एक छोटी थैली बांधतात. तिची सारी युक्ती एवढीच की ती टांगायची नाही, तीन ठिकाणी बांधायची. दोन बांधण्या हँडलला आणि तिसरी खाली, सायकलच्या सांगाड्याला. त्यांचे महागडे पट्टे आपल्याला नकोत. जुनी ट्यूब, गोणपाट आणि बांबूची कांडी पुरे.

जाड कापडाची, हातभर लांबीपेक्षा लहान थैली घ्या. तिच्या तोंडाच्या काठाला दुमड शिवून त्यात दीड वीत लांबीची बांबूची कांडी घाला. कांडीमुळे थैली चुरगळत नाही. कांडीची टोके ब्रेकच्या मुठींपर्यंत जाऊ देऊ नका. आत मागच्या अंगाला गोड्या तेलाच्या रिकाम्या कॅनचा कापलेला सपाट तुकडा ठेवा, म्हणजे थैलीचा आकार टिकतो. औषधाचा रिकामा डबा मात्र कधीही वापरू नका.

आता ट्यूबच्या दोन बोटे रुंदीच्या पट्ट्या कापा. दोन पट्ट्यांनी कांडीची दोन्ही टोके हँडलला, खुंटाच्या डावी-उजवीकडे सारख्या अंतरावर आवळा. सुरगाठ मारू नका, ती धक्क्याने सुटते. निरगाठ मारा आणि वर एक जास्तीची गाठ द्या. तिसरी पट्टी थैलीच्या बुडाला पक्की शिवा आणि हँडलच्या खालच्या उभ्या नळीभोवती मागून फिरवून बांधा. येथे सुतळी चालणार नाही. हँडल वळते तशी थैली वळते, नळी वळत नाही. म्हणून ताणणारे रबरच पाहिजे.

जुन्या पद्धतीच्या सायकलीला ब्रेकचा रॉड नळीच्या पुढून खाली उतरतो. पट्टी त्याच्यावरून आवळाल तर ब्रेक लागणार नाही. पट्टी रॉडच्या दोन्ही अंगांनी न्या, आणि थैलीच्या पाठीला गोणपाटाच्या दोन घट्ट गुंडाळ्या शिवा. थैली त्या गुंडाळ्यांवर टेकते आणि रॉडला बोटभर जागा मोकळी राहते. तारेचे ब्रेक असतील तर तारा दबत नाहीत ना, ते पाहा.

निघण्यापूर्वी पुढचे चाक उचलून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, दोन्ही ब्रेक दाबून सोडा, चाक हाताने फिरवा. थैली चाकाला किंवा मडगार्डला लागत असेल तर वर घ्या. शंभर पावले चालवून उतरा आणि गाठी पुन्हा आवळा. पहिल्या धक्क्यांनी रबर सैल पडतेच.

काय ठेवावे, किती ठेवावे

दीड-दोन किलोच्या वर नको. जड वस्तू तळाशी व नळीच्या बाजूला, हलकी वर. मोकळी जागा फडक्याने भरा, कारण आतली वस्तू हलली की बाहेरची गाठही सैल होते. विळ्याला पाते झाकणारे कापड गुंडाळून तो मागच्या कॅरिअरला बांधा. पाण्याची मोठी कॅन, खताची गोणी, वेचलेला कापूस यांची जागा कॅरिअरवरच.

मुली शाळेत सायकलने जातात. दप्तर एका मुठीला अडकवण्याची त्यांना सवय असते. पुस्तकांचे ओझे सहज चार-पाच किलो होते. दप्तर पाठीवर नाही तर कॅरिअरवर बांधायला शिकवा. हँडलच्या थैलीत डबा आणि रेनकोट एवढेच बरे.

औषधाची बाटली

आता सर्वांत महत्त्वाचे. 2017 च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात कपाशीवरच्या फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो दवाखान्यात गेली. ती विषबाधा फवारताना झाली, थैलीमुळे नव्हे. पण विष शरीरात जाण्याच्या वाटा त्याच आहेत: कातडी, श्वास आणि तोंड. भाकरीशेजारी ठेवलेल्या बाटलीचे बूच धक्क्याने ढिले झाले तर तोंडाची वाट आपणच उघडून दिली असे होते. वास आला नाही म्हणजे अन्न चांगले, असे समजू नका. 1971 च्या कीटकनाशक नियमांतही औषधाचा अन्नाशी किंवा जनावरांच्या चाऱ्याशी संपर्क येईल अशी वाहतूक करू नये, असे सांगितले आहे. नियम मालमोटारीला आहे तसाच सायकललाही आहे.

म्हणून औषध हँडलला नाहीच. बूच घट्ट लावून बाटली उभी, झाकणाच्या वेगळ्या डब्यात ठेवा आणि तो डबा मागे कॅरिअरला बांधा. भाकर पुढे, औषध मागे. वावरात गेल्यावरही भाकर एका झाडाखाली आणि औषध दुसऱ्या टोकाला, लेकरांच्या हाताला लागणार नाही असे. जेवणाआधी हात साबणाने धुवा. थैलीवर औषध सांडलेच तर ती धुऊन पुन्हा भाकरीला वापरू नका. त्यातले अन्न जनावरांनाही घालू नका. अंगावर सांडले तर कपडे लगेच काढून साबण-पाण्याने भरपूर धुवा. मळमळ, घाम, चक्कर, अंधुक दिसणे असे काही जाणवले तर वाट न पाहता दवाखाना गाठा आणि बाटलीवरची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा.

एका जुन्या ट्यूबमधून घरातल्या साऱ्या सायकलींच्या पट्ट्या निघतात. येत्या बाजाराच्या आदल्या संध्याकाळी अर्धा तास काढा, घरच्या लक्ष्मीला आणि मुलांना सोबत घ्या, आणि थैली बांधून पाहा. औषधाच्या डब्यावर लाल रंगाने खूण करा, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही तो ओळखू येईल.