जुन्या गोव्याचे चर्च व काजूच्या जुन्या बागा

ओरोसहून पहाटे निघाल्यास जुने गोवे पाहून रात्री घरी परतता येते. आमच्या बागाईतदार बंधूंनी ही सहल एकवार अवश्य करावी. तेथील बॉम जेझुस चर्चचे काम 1594 साली सुरू होऊन 1605 साली अर्पणविधी झाला. बांधकाम आपल्याच जांभ्याचे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास बाहेरील गिलावा काढून टाकण्यात आला. तेव्हापासून उघडा चिरा पावसाने झिजत आहे. घराच्या भिंती गिलाव्यावाचून ठेवणाऱ्यांनी तो जवळून पाहावा.

परतताना डोंगरउतारांवरील काजू पाहावे. हे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणिले. जुन्या बागा बियांपासून वाढलेल्या. एकाचा गुण दुसऱ्यात उतरत नाही. आपणांकडेही अशीच झाडे पुष्कळ. ती तोडावी की राखावी? दोन हातांच्या उंचीवर छाटून नव्या फुटींवर मृदकाष्ठ कलम बांधता येते, व मुळे जुनी असल्याने फळ लवकर धरते. परंतु छाटलेल्या खोडास रोठा ग्रासतो आणि झाडेच्या झाडे मरतात. बुंध्याशी भुसा दिसताच अळी काढण्याइतकी देखरेख ज्यांच्याने होणार नाही, त्यांनी वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्राच्या जातींची कलमे नव्याने लावावी, हेच आम्हांस बरे दिसते. वेंगुर्ला 7 या जातीची बी सुमारे 10 ग्रॅमची भरते. मात्र जुनी बाग एकदम न तोडता तुकड्यातुकड्याने बदलावी, म्हणजे उत्पन्न खंडत नाही.

सहलीस मार्च-एप्रिलात जावे. झाडाझाडांतील भेद तेव्हा बोंडांवरून व बियांवरून उघड दिसतो.