हनुवटीशिवाय व्हायोलिन
जुने सूर, नवे हात : लेखांक सातवा

1921 साली न्यूयॉर्कमध्ये लिओपोल्ड आउअर यांचे व्हायोलिन शिकवण्यावरचे पुस्तक निघाले. आउअर तरुणपणी हॅनोव्हरला योझेफ योआखिमकडे शिकलेले आणि पुढे सेंट पीटर्सबर्गच्या कॉन्झर्व्हेटरीत जवळजवळ पन्नास वर्षे शिकवलेले गुरू. डावे बोट तारेवर सतत हलवून प्रत्येक स्वराला कंप द्यायचा, ज्याला व्हिब्राटो म्हणतात, त्या सवयीवर त्यांनी या पुस्तकात असा राग काढला आहे की, ही खोड असलेला मुलगा त्यांच्या वर्गात आठवडाभरही टिकला नसेल असे वाटावे. पण त्यांचे सर्वांत गाजलेले शिष्य कोण? मिशा एल्मन आणि याशा हायफेट्झ! यांच्या हातातला कंप थांबतच नाही, आणि यांना ऐकूनच पुढच्या पिढ्यांनी तो व्हायोलिनचा स्वभावच मानला.

आपल्याकडे जुन्या शैलीचा प्रश्न निघाला की आपण घराण्याचा दाखला देतो. गुरूने समोर बसवून तालीम दिली, साखळी कुठे तुटली नाही, म्हणजे गाणे तेच राहिले असे धरून चालतो. युरोपातल्या व्हायोलिनची साखळीही तुटलेली नाही. रोममधल्या आर्कांजेलो कोरेल्लीकडे (1653–1713) सोमिस शिकला, सोमिसकडे पुन्यानी, पुन्यानीकडे व्हिओत्ती, व्हिओत्तीकडे रोद, रोदकडे बोम, बोमकडे योआखिम, योआखिमकडे आउअर आणि आउअरकडे हायफेट्झ. नऊ नावे, मध्ये एकही खाडा नाही. तरीही कोरेल्लीला हायफेट्झ ऐकवला असता, तर हे वाद्य कोणते, इथूनच त्याने चौकशी सुरू केली असती.

याचे कारण असे की, गुरूला जे सांगण्याजोगे वाटते तेवढेच तो सांगतो. तार कशाची, वाद्य टेकवायचे कुठे, गज किती जड, हे सांगायची गरज पडत नाही, कारण भोवतालच्या सगळ्यांचे तेच असते. हळूहळू त्यात फरक पडतो तेव्हा एका पिढीला सोय झाली असे वाटते, आणि पुढच्या पिढीला काही बदलले होते हेच ठाऊक नसते. विसाव्या शतकात जुनी वादनशैली शोधायला निघालेल्या मंडळींना नेमके हे कोणी न सांगितलेले हवे होते.

आधी अर्थातच पुस्तके उघडली गेली. जुनी वाद्ये बनवणारे आणि वाजवणारे आर्नल्ड डॉल्मेच यांची ओळख या मालेत आधी झालेली आहे. त्यांनी 1915 मध्ये सतराव्या-अठराव्या शतकांतले संगीत कसे वाजवावे यावर ग्रंथ लिहून त्या काळच्या लेखकांना पुन्हा साक्षीला बोलावले. पुढे 1965 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या डेव्हिड बॉयडन यांनी व्हायोलिनवादनाचा आरंभापासून 1761 पर्यंतचा इतिहास लिहिला. या वाटेने जाणाऱ्या कोणालाही तो ओलांडून पुढे जाता येत नाही.

साक्षीदारांची जबानी मात्र एकमेकांशी जुळेना. फ्रांचेस्को जेमिनियानी हा कोरेल्लीचा शिष्य. 1751 मध्ये लंडनला छापलेल्या पुस्तकात तो सांगतो की कंप जितका जास्त वापरता येईल तितका वापरावा. पाचच वर्षांनी, 1756 मध्ये, ऑग्सबर्गला लेओपोल्ड मोत्झार्टचे, म्हणजे वोल्फगांगच्या वडिलांचे, पुस्तक निघाले. प्रत्येक स्वरावर थरथरणाऱ्या वादकांची तो कायमची हुडहुडी भरलेल्या माणसांत गणना करतो. दोघेही जाणकार, दोघेही नावाजलेले शिक्षक. ‘खरी जुनी शैली’ अशी एकच एक वस्तू कुठेतरी पुरून ठेवलेली आहे आणि ती खणून काढायची आहे, या समजुतीला इथेच तडा जातो. मोत्झार्टच्या तक्रारीतून आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे असे थरथरणारे वादक 1756 मध्येही होते. ज्याची मनाई केली जाते ते कुठेतरी चालू असतेच.

नुसता कागद वाचून केलेल्या तर्काची फजितीही याच इतिहासात आहे. बाखने 1720 च्या आपल्या हस्तलिखितात एकट्या व्हायोलिनसाठी तीन सोनाटा आणि तीन पार्टिटा लिहून ठेवल्या. त्यांत जागोजागी तीन-तीन, चार-चार स्वर एकावर एक रचलेले दिसतात. सरळ गज एका वेळी चार तारांना टेकत नाही, कारण घोडी वरून गोलाकार असते. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आर्नोल्ड शेरिंग या संगीत-अभ्यासकाने तर्क मांडला की बाखच्या काळी गजच असा असणार, ज्याचे केस अंगठ्याने सैल करून चारही तारांवर पसरवता येतील. आल्बर्ट श्वाइट्झर यांच्यासारख्या वजनदार माणसाने तो उचलून धरला. अखेर धनुष्यासारखा वाकलेला एक भलामोठा ‘बाख गज’ तयार झाला आणि 1950 च्या दशकात एमिल टेल्मान्यी यांनी त्यावर सहाही रचना ध्वनिमुद्रित केल्या. असा गज बाखच्या काळात कोणी पाहिलेला नाही, चित्रांत नाही, संग्रहालयांत नाही. हे स्वर खालून वर उलगडत वाजवायचे असतात, हे जुनी पुस्तके सांगतच होती. तरी ती ध्वनिमुद्रणे मिळाली तर जरूर ऐका. व्हायोलिनऐवजी हार्मोनियम वाजल्याचा भास होतो, आणि चूक किती निष्ठेने करता येते तेही कळते.

खरी कलाटणी मिळाली ती वादकांनी वाद्यच बदलले तेव्हा. बदलले म्हणजे उलट्या दिशेने. स्ट्राडिवारीचे (1644–1737) म्हणून आज जे वाजते ते जवळजवळ प्रत्येक व्हायोलिन 1800 च्या आगेमागे उघडून दुरुस्त केलेले आहे. मान काढून अधिक मागे कललेली मान बसवली, पट्टी लांबवली, पोटातली तुळई जाड केली, कारण मोठ्या सभागृहांसाठी तारा जास्त ताणायच्या होत्या. त्या तारा आधी मेंढीच्या आतड्याच्या, म्हणजे तातीच्या होत्या. सर्वांत वरची तार पोलादी झाली ती पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. तातीचा आवाज लहान असतो, पण त्याला व्यंजने असतात. स्वर कुठे सुरू झाला ते ऐकू येते, आणि गजाचा किंचित खरखरीतपणाही. पोलाद हे सगळे पुसून गुळगुळीत करते.

हनुवटीचे प्रकरण याहून मोठे. व्हायोलिनवर हनुवटी टेकवायची पट्टी 1820 च्या सुमारास लुइ श्पोरने आणली. त्याआधी जेमिनियानी सांगतो की वाद्य गळ्याच्या हाडाच्या जरा खाली टेकवावे. बेल्जियमचे सिगिसवाल्ड कायकेन यांनी 1969 मध्ये ही गोष्ट शब्दशः घेतली आणि हनुवटी न लावता वाजवायला सुरुवात केली. करून पाहिल्यावर लक्षात येते की डावा हात एकाच वेळी वाजवतो आणि वाद्याचे ओझेही धरतो. वरच्या जागेवरून खाली येताना व्हायोलिन हातातून निसटू पाहते. म्हणून हात हलवायचा तो सुरांच्या ओघात कुठेही नाही, तर वाक्य संपते तिथे, किंवा मोकळी तार वाजत असताना, म्हणजे बोटांना क्षणभर सुटी असताना. लेओपोल्ड मोत्झार्टने हात खाली आणण्यासाठी मोकळ्या तारेची शिफारस केलेली आहेच. तिच्यामागे शरीराची ही गरज आहे हे हनुवटी उचलल्यावर उमगते. सततचा कंपही अवघड होतो, कारण हात हलला की वाद्यही डोलते. इतकी वर्षे जी सौंदर्यदृष्टी म्हणून वाचली जात होती, तिच्यातला बराच भाग तोल सांभाळण्याचा होता.

कायकेन यांचा आग्रह सगळ्यांना मान्य झाला असे नाही. मोत्झार्टने स्वतः दोन पद्धती दाखवल्या आहेत, आणि छातीशी मोकळे धरण्यापेक्षा मानेशी टेकवणे हाताला सोयीचे, असेच त्याचे मत आहे. आज जुन्या शैलीचे अनेक वादक हनुवटी हलकेच लावतात. हा वाद आपल्याला परका वाटायचे कारण नाही. गजाननबुवा जोशी किंवा डी. के. दातार यांची परंपरा आठवा. आपल्याकडे वादक मांडी घालून बसतो, व्हायोलिनचे डोके पायाशी टेकते, दुसरे टोक छातीशी, आणि डावा हात वाद्याच्या भारातून पुरता सुटतो. म्हणून पूर्ण तारभर मींड घेता येते. एकच वाद्य कुठे टेकवले यावर त्यातून कोणते संगीत निघेल हे ठरते, याचा याहून चांगला पुरावा युरोपातही मिळायचा नाही.

गजाबद्दल थोडक्यात. आजच्या गजाची घडण पॅरिसच्या फ्रांस्वा तूर्त याने अठराव्या शतकाच्या अखेरीस पक्की केली. त्याची काठी केसांकडे आत वळलेली असते आणि टोकाशीही जोर राहतो, म्हणून लांब स्वर एका जाडीचा काढता येतो. त्याआधीचा गज टोकाकडे हलका होत जाई. स्वर आपसूक फुले आणि मिटे. ओढता गज जड, ढकलता हलका. फ्रेंच दरबारचा संगीतकार लुली याचे वादक आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर सगळे मिळून ओढता गज घेत, हे गेओर्ग मूफाटने 1698 मध्ये पासाउला चार भाषांत लिहून ठेवले. नाचाच्या संगीताला पायाखाली जमीन मिळते ती या नियमाने.

व्हिएन्नात निकोलाउस हार्नोनकुर आणि त्यांच्या व्हायोलिनवादक पत्नी आलिस यांनी 1953 मध्ये कोन्सेन्तुस मुसिकुस हा संच उभा केला आणि चार वर्षे तालीम करून मग लोकांसमोर आणला. त्यांचे 1977 चे विवाल्दीच्या ‘चार ऋतूं’चे ध्वनिमुद्रण आले तेव्हा बऱ्याच श्रोत्यांना ते उर्मट वाटले. ‘वसंता’च्या दुसऱ्या भागात गुराखी झोपलेला आहे आणि व्हायोला त्याच्या कुत्र्यासारखा भुंकतो, विवाल्दीने स्वरलेखनात तसे लिहून, जोरात आणि ओरबाडून वाजवा, अशी सूचनाही दिली आहे. तोवरची वाद्यवृंदे तिथे अदबीने साथ करत. आता कुत्रा भुंकू लागला. मला या सगळ्या चळवळीतली ही सर्वांत आनंदाची घटना वाटते.

जुन्या संगीताचे संच साधारण 415 कंपनांच्या ‘ए’वर जुळवतात, आजचे वाद्यवृंद 440 वर. आपल्या हार्मोनियमच्या भाषेत पांढरी सहाच्या जागी काळी चार. ही काही इतिहासाची आज्ञा नव्हे. त्या काळी गावोगावची पट्टी वेगळी होती. बरोबर अर्धा स्वर खाली आले की हार्पसिकॉर्डची पट्टी सरकवून काम भागते, म्हणून सर्वांनी केलेली ही आधुनिक तडजोड आहे.

जुळवण्याचा विषय निघालाच आहे, तर सतराव्या शतकातला संगीतकार बीबर. 1676 च्या सुमाराच्या त्याच्या ‘रोझरी’ सोनाटांत पंधरा सोनाटा आणि शेवटी एकट्या व्हायोलिनचा पासाकालिया आहे. पहिला सोनाटा आणि पासाकालिया सोडून प्रत्येकाला तारा वेगळ्या जुळवायच्या. अकराव्यात तर मधल्या दोन तारांची अदलाबदल करून त्या एकमेकींवरून नेतात. कागदावर बोटे कुठे ठेवायची ते लिहिलेले असते, ऐकू येते दुसरेच. राइनहार्ड ग्योबेल यांनी 1990 मध्ये यांचे गाजलेले ध्वनिमुद्रण केले. त्याच सुमारास त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांनी दगा दिला, तेव्हा या गृहस्थांनी हात बदलले. उजव्या हाताने स्वर धरायला आणि डाव्याने गज चालवायला ते नव्याने शिकले आणि पुन्हा मंचावर आले.

इथपर्यंत सगळे बरे चालले होते, कारण साक्षीदार मेलेले होते. अडचण आली ती जिवंत आवाज असलेल्या काळात शिरल्यावर. योआखिमने 1903 मध्ये, बहात्तराव्या वर्षी, बर्लिनमध्ये पाच तबकड्या दिल्या. कलकत्त्यात गौहरजानचे ध्वनिमुद्रण होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. ज्याला ब्राम्सने आपला व्हायोलिन कॉन्चेर्तो अर्पण केला तो माणूस त्यांत बाख आणि ब्राम्स वाजवतो. कंप फारच थोडा. पण स्वरांमधून घसरत जाणे उघड, लय आत-बाहेर होणारी, सारखे लिहिलेले स्वर असमान. लीड्स विद्यापीठाचे क्लाइव्ह ब्राउन यांनी एकोणिसाव्या शतकातल्या वादकांनी बोटांच्या आणि गजाच्या खुणा केलेल्या छापील प्रती मोठ्या प्रमाणावर गोळा केल्या. त्या पाहिल्या की घसरणे ही योआखिमच्या म्हातारपणाची लकब नव्हती हे कळते. बोटांच्या खुणा अशा आहेत की मींड आल्यावाचून राहत नाही.

आता हे अनुसरायचे, तर आजच्या श्रोत्याला ते भावविवश आणि थोडे हास्यास्पद वाटते. कंप काढून टाकायला, लय वाढवायला, तात चढवायला कितीतरी वादक आनंदाने तयार झाले; मींड परत आणायला फार थोडे. रिचर्ड तारुस्किन हे अमेरिकन विद्वान 1980 च्या दशकापासून हेच टोचून सांगत होते की, ही मंडळी जुन्याच्या नावाखाली विसाव्या शतकाची कोरडी, चपळ, स्वच्छ आवड वाजवत आहेत. त्यांचे सगळे म्हणणे मला पटत नाही. कायकेन यांच्या मोकळ्या खांद्यावर जे सापडले ते आवडीतून निघालेले नव्हते, अडचणीतून निघाले होते. पण योआखिमच्या तबकडीपुढे तारुस्किन यांना उत्तर देणे अवघड जाते. मींडेवर पोसलेल्या आपल्या कानाला तीच तबकडी अजिबात विचित्र वाटत नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

ब्राउन यांनी नील पेरेस दा कोस्टा यांच्यासह ब्राम्सच्या व्हायोलिन सोनाटांची नवी आवृत्ती बेरेनरायटर या जर्मन प्रकाशनासाठी तयार केली. ब्राम्सच्या मंडळींत कुठे घसरत, कुठे थांबत, पियानोवाला दोन हात मुद्दाम मागेपुढे कसा टाके, हे सगळे सोबतच्या वेगळ्या पुस्तिकेत लिहिलेले आहे. स्वर पुस्तकात, शैली पुस्तिकेत. त्यामुळे विकत घेणाऱ्याला पुस्तिका बाजूला ठेवून नुसते स्वर वाजवता येतात.