सकलाद आणि किरमिजी : लाल वस्त्राच्या अर्थाविषयी

लाल वस्त्र हे रक्ताचे, सत्तेचे अथवा क्रांतीचे प्रतीक होय, असे विधान कलासमीक्षेत वारंवार केले जाते. अर्थ रंगाच्या अंगीच वसतो, असे त्यामागील गृहीत असते. युरोपातील लाल वस्त्राच्या इतिहासाकडे शब्दांच्या वाटेने पाहिल्यास हे गृहीत अपुरे ठरते.

प्रथम रंगाचे नाव पाहू. मराठीतील ‘किरमिजी’ हा शब्द अरबी-फारसीतून आला. त्याच्या मुळाशी असलेला इराणी शब्द संस्कृत ‘कृमि’चा सहोदर होय. इंग्रजी ‘क्रिमझन’ याच कुळातील आहे. फ्रेंच ‘व्हर्मेय’ हा ‘लहान किडा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघाला, आणि चेक भाषेतील ‘चेर्व्हेनी’ या लालवाचक शब्दाचे मूळही किडाच. याचे कारण उघड आहे. भूमध्य समुद्राकाठच्या एका जातीच्या ओकवर वाढणाऱ्या किड्यांच्या माद्या वाळवून हा रंग काढीत. थोड्या रंगासाठी असंख्य किडे वेचावे लागत, त्यामुळे तो अत्यंत महाग पडे.

वस्त्राच्या नावाची कथा अशीच आहे. ‘स्कार्लेट’ हे आज रंगाचे नाव असले, तरी मध्ययुगात ते एका उंची लोकरी कापडाचे नाव होते. तत्कालीन नोंदींत निळ्या व हिरव्या स्कार्लेटचेही उल्लेख येतात. हे कापड बहुधा किरमिजी रंगात रंगवीत, म्हणून कापडाचे नाव रंगास चिकटले. मराठीतील ‘सकलाद’ हा फारसीतून आलेला शब्द याच कुळातील मानला जातो. मूळ शब्द कोणत्या भाषेतला, याविषयी विद्वानांत एकमत नाही. तथापि मराठीत तो कापडाचाच वाचक राहिला आणि इंग्रजीत रंगाचा झाला, हा भेद लक्षणीय आहे.

आता प्रतीकाकडे वळू. पोप इनोसंट चौथा याने १२४५ साली कार्डिनलांना लाल टोपी दिली. धर्मासाठी रक्त सांडण्याची सिद्धता, असा तिचा अर्थ सांगितला जाई. त्यांचा झगा किरमिजी झाला तो मात्र पॉल दुसरा याच्या कारकिर्दीत (१४६४–७१). १४५३ साली कॉन्स्टँटिनोपल पडल्यावर शिंपल्यांपासून होणारा जांभळा रंग दुर्मीळ झाला होता. झग्याचा रंग बदलला तो पुरवठ्यामुळे. टोपीचा अर्थ त्यास आयताच लाभला. व्हेलाझ्केझने १६५० साली इनोसंट दहावा याचे चित्र रंगविले. त्यातील खांद्यावरचे वस्त्र, खुर्ची आणि पडदा या सर्वांचा लाल रंग पाहणाऱ्यावर अधिकाराचा दाब टाकतो.

परंतु तोच रंग अधिकाराविरुद्धही उभा राहतो. १५८७ साली वधस्तंभाशी आलेल्या स्कॉटलंडच्या मेरी राणीची काळी वस्त्रे उतरविताच आतील लाल वस्त्र दिसले. कॅथलिक परंपरेत तो हुतात्म्यांचा रंग होय. गॅरिबाल्डीच्या अनुयायांचे लाल सदरे १८४३ साली माँटेव्हिडिओ येथे प्रथम आले. ते मूळचे कसाईखान्यातील कामगारांसाठी बनविलेले, म्हणून स्वस्तात मिळाले, असे सांगतात. १८४९ साली गॅरिबाल्डी पोपची ऐहिक सत्ता नाकारणाऱ्या रोमन प्रजासत्ताकासाठी लढला, तेव्हा लाल वस्त्र दोन्ही पक्षांचे होते.

तात्पर्य, रंग स्वतः काही सांगत नाही. तो कशापासून काढला, त्याचे मूल्य कोणी दिले आणि तो कोणासमोर परिधान केला, हे प्रश्न अभ्यासकाने आधी विचारावेत. प्रतीकाचा विचार त्यानंतर करावा.