अवरक्त सूर्य : फिका, पण गमतीचा

सूर्याची जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना दिसतच नाही. ती अवरक्त किरणांतून येते आणि कळते ती कातडीला.

हे किरण सापडले तेही सूर्य बघण्याच्या खटपटीतूनच. दुर्बिणीसाठी रंगीत काचा पारखताना विल्यम हर्शेल यांना जाणवलं, की काही काचांतून उजेड कमी आणि ऊब जास्त येते. मग १८०० साली त्यांनी लोलकाच्या रंगपट्ट्यात थर्मामीटर ठेवले. तांबड्याच्या पलीकडे, अंधाऱ्या जागी, पारा सगळ्यात वर चढला!

अवरक्त किरणांत सूर्याचा फोटो काढायला खास कॅमेरा लागत नाही. साधा सिलिकॉन सेन्सर सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण टिपतो. डीएसएलआरमध्ये मात्र ते अडवणारी काच मुळातच बसवलेली असते. हौशी मंडळी ती काढून घेतात. फोटो कृष्णधवलच येतो. केशरी रंग मागाहून चढवलेला.

आता सौरडागांची फजिती बघा. पृष्ठभाग ५८०० केल्विन आणि डागाचा गाभा ४००० धरला, तर हिरव्या उजेडात गाभा आसपासच्या एक-दशांशच उजळ दिसतो. १००० नॅनोमीटरला तोच जवळजवळ एक-तृतीयांश! काळाकुट्ट डाग राखाडी होतो. नाट्यमय फोटो हवा असेल तर या वाटेला जाऊ नये.

फायदा वेगळाच आहे. हवेच्या थरथरीचा त्रास लांब तरंगांना कमी होतो, त्यामुळे दुपारी उकळणारी सूर्याची कडा जरा शांत दिसते. पण तरंगलांबी दुप्पट झाली की दुर्बिणीची बारकावे टिपण्याची ताकद निम्मी होते. १०० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून सूर्याच्या पृष्ठभागावरचे हजारेक किलोमीटरचे दाणे (ग्रॅन्यूल) हिरव्या उजेडात कसेबसे दिसतात. १००० नॅनोमीटरला पुसले जातात.

एक गोष्ट दटावूनच सांगायला हवी. दुर्बिणीच्या तोंडावर प्रमाणित सौरफिल्टर हवाच. कॅमेऱ्यापुढची, फक्त अवरक्त किरण जाऊ देणारी काच त्याची जागा घेत नाही. काजळी धरलेली काच किंवा जुनी एक्स-रे फिल्म गडद दिसली, तरी अवरक्त किरण आत सोडू शकते. डोळ्याचा पडदा भाजताना दुखतही नाही.

खरी मेजवानी १०८३ नॅनोमीटरला, हेलियमच्या रेषेत. वेगवान सौरवारा जिथून सुटतो ती प्रभामंडळातली (कोरोनातली) विवरं या रेषेत आसपासपेक्षा उजळ दिसतात. थ्रीडी प्रिंटरवर घरी बनवता येणाऱ्या ‘सोलेक्स’ या वर्णपटयंत्रातून हौशी लोकही या रेषेत सूर्य टिपतात.

हेलियम म्हटलं की कोकणात हमखास विजयदुर्ग निघतो; त्याचा शोध तिथेच लागला, असं सांगतात. पण १८६८ साली सूर्याच्या वर्णपटात हेलियमची पिवळी रेषा पाहणारे नॉर्मन लॉकयर तेव्हा इंग्लंडात होते. विजयदुर्गाला ते आले १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी. तोवर हेलियम पृथ्वीवर सापडूनही जवळजवळ तीन वर्षं झाली होती.