एका ‘रन’चे ६४५ अर्थ

ऑक्सफर्डच्या बृहद् इंग्रजी शब्दकोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली, तेव्हा त्यातली सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. सुमारे ४३० अर्थ, आणि ते सांगायला जवळपास ६० हजार शब्द. पुढे सुधारित आवृत्तीचे काम सुरू झाले आणि ‘रन’ची पाळी आली. कोशकार पीटर गिलिव्हर नऊ महिन्यांहून अधिक काळ या एका शब्दापाशी होते. २०११ मध्ये आकडा जाहीर झाला : नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ. इतके अर्थ असूनही इंग्रजी बोलणारी माणसे अडखळत नाहीत, कारण अर्थ शब्द एकटा वाहत नाही. तो शेजारी कोण बसले आहे त्यावर ठरतो. नदीशेजारी ‘रन’ म्हणजे वाहणे, नाकाशेजारी गळणे, कपड्याच्या रंगाशेजारी उतरणे, कारखान्याशेजारी चालवणे, बातमीशेजारी छापणे. मराठीतले ‘लागणे’ पाहा : भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, झाडाला आंबे लागतात, दूध पातेल्याला लागते. यातले एकही वाक्य ऐकताना आपण दुसऱ्या अर्थापाशी घुटमळत नाही.

मग अर्थांची ही गर्दी नेमक्या अशाच शब्दांभोवती का होते? हार्वर्डच्या जॉर्ज झिप्फ यांनी १९४५ साली दाखवले की शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त. रोजच्या तोंडातला आखूड शब्द नव्या कामाला जुंपणे सोपे असते. ‘रन’ला तर काळानेही हात दिला. पाणी वाहणे आणि प्राण्याने धावणे हे दोन्ही अर्थ जुन्या इंग्रजीतही होते. पुढे यंत्रे आली, आगगाड्या आल्या, संगणकाचे प्रोग्राम आले आणि या सगळ्यांच्या चालण्याला तोच शब्द मिळाला. समाजाची धाटणीही त्यात उमटते. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीत ‘रन’ करतो, ब्रिटनमधला मात्र आपल्या उमेदवारासारखाच उभा राहतो.

यावर पहिला आक्षेप असा की ६४५ हा आकडा कोशकारांनी केलेल्या वाटण्यांचा आहे. आक्षेप खरा आहे. नदीचे वाहणे आणि नळाचे वाहणे हा एक अर्थ की दोन, याचा निवाडा कोशकारच करतो आणि लहान कोश याच शब्दाला कितीतरी कमी अर्थांत बसवतात. ‘सेट’चे उदाहरण आणखी बोलके आहे. ‘ठेवणे’ या अर्थाचे क्रियापद जर्मानिक कुळातले, तर ‘संच’ या अर्थाचे नाम लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेले. वापरात दोघे इतके मिसळले की आता एकच शब्द वाटतो. म्हणून अर्थांच्या संख्येवरून कुठल्या भाषेची श्रीमंती मोजू नये. पण सीमा कुठेही आखल्या, तरी शेजाऱ्यावरून अर्थ ठरतो ही गोष्ट बदलत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : एका शब्दाचे इतके अर्थ म्हणजे भाषेतला दोषच, प्रत्येक अर्थाला वेगळा शब्द हवा. कायद्याच्या मसुद्यात किंवा औषधाच्या चिठ्ठीत संदिग्धता महागात पडते, हे खरे. म्हणूनच करारनाम्यात सुरुवातीला व्याख्या देतात. रोजच्या बोलण्याचे गणित मात्र वेगळे आहे. एमआयटीतील स्टीव्हन पियांतादोसी आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली मांडले की संदर्भ बरीच माहिती आधीच पुरवतो, तेव्हा तीच माहिती शब्दात पुन्हा भरणे वाया जाते. छोटे, उच्चारायला सोपे शब्द पुन्हापुन्हा वापरणे त्यामुळे परवडते. ६४५ वेगळे शब्द घडवले, तर ते पाठ ठेवण्याचा भार प्रत्येक बोलणाऱ्यावर पडेल.

हा भार आपण आपल्या मुलांवर आजही टाकतो. ‘रन म्हणजे धावणे’ असे पाठ करून घेतलेला मुलगा नाकाचे किंवा दुकानाचे ‘रन’ समोर आले की थबकतो आणि आपले इंग्रजी कच्चे आहे असे समजून बसतो. कच्ची असते ती शिकवण्याची रीत. शब्दार्थांच्या वहीत एका शब्दासमोर एक अर्थ लिहिण्याऐवजी नदी, नाक, दुकान, निवडणूक यांच्यासकट छोटी वाक्ये लिहून घेतली, तर पुढचा अनोळखी अर्थ तो शेजारच्या शब्दावरून स्वतःच ताडू शकेल. ‘लागणे’ त्याला कुणी अर्थांची यादी देऊन शिकवले नव्हते.