बोटं गेली, आवाज आला

लेखांक ७

कन्हानच्या खाण वसाहतीतल्या एक ओळखीच्या बाई परवा घरी आल्या. टेकायच्या आधीच म्हणाल्या, “भाऊ, पोट्ट्यानं खोलीत कवट्या लावल्या जी. दिवसभर दार लावून भुतावानी ओरडनं आयकते. याच्यावर कोनं काही केलं तं नसन?”

कवट्या म्हणजे पोस्टर आणि ओरडणं म्हणजे हेवी मेटल. शंका मात्र अस्सल आपली, करणीची. मागच्या लेखांकात आपण सैतानाची चित्रं छापून तबकड्या खपवणाऱ्यांचा धंदा पाहिला. आज बाईंचाच प्रश्न घेऊ: या वादकांपैकी खरोखर कुणी काळ्या विद्येच्या वाटेला गेलं होतं का?

गेलं होतं. पण ज्यांच्याकडे सगळ्यात आधी बोट दाखवलं जातं, ते नव्हेत. ब्लॅक सॅबथची चौघं पोरं बर्मिंगहॅमच्या कामगारवस्तीतली. गिटारवाला टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात होता. कामाचा शेवटचा दिवस होता, आणि त्याच दिवशी उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. हा वाजवणार डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. जाड तारा सोसेनात म्हणून हलक्या लावल्या, पुढं त्या सैल सोडून खालच्या सुरात मिळवल्या. १९७१च्या तिसऱ्या अल्बमवर तो घोगरा, ओझं ओढत चालल्यासारखा आवाज स्पष्ट ऐकू येतो. जगभरचे मेटलवाले आज ज्या आवाजाच्या मागे आहेत, त्याच्या मुळाशी हा अपघात आहे. सैतानाचा त्यात हात नाही.

बँडचं नाव बोरिस कार्लोफच्या एका भयपटावरून उचललेलं. पहिला अल्बम आला १३ फेब्रुवारी १९७०ला, शुक्रवारी. तेरा तारखेचा शुक्रवार तिकडे अपशकुनी, ती तारीख रेकॉर्ड कंपनीनं बरोबर हेरली. त्यांच्यातला बासवाला गीझर बटलर तेवढा काही काळ या नादाला लागला होता. खोली काळी रंगवली, भिंतीवर उलटे क्रूस लावले. गायक ऑझी ऑस्बोर्ननं त्याला एक जुनाट पोथी आणून दिली. त्या रात्री पलंगाच्या पायथ्याशी काळी आकृती उभी दिसली आणि सकाळी कपाटातली पोथी गायब होती, असं बटलर सांगतो. खरंखोटं तो जाणे, पण गडी घाबरला आणि नाद सुटला. पुढं चौघांच्या गळ्यात क्रूस आले, तेही सुलटे. ऑझीचे वडील कारखान्यात हत्यारं घडवणारे कारागीर. त्यांनीच ते पोरांना धातूचे करून दिले. मला हे बापानं दिलेल्या ताइतासारखंच वाटतं.

खरा अभ्यासक होता लेड झेपलिनचा जिमी पेज, आणि त्यानं कधी ढोल बडवला नाही. त्याचं वेड अॅलिस्टर क्रौलीचं. क्रौली (१८७५–१९४७) हा इंग्रज मांत्रिक, कवी आणि गिर्यारोहकही. १९०५च्या कांचनगंगा मोहिमेत तो होता, आणि त्याआधी १९०१मध्ये सिलोनमध्ये मित्राकडून योग शिकला होता. म्हणजे बाईंच्या पोराच्या पोस्टरमागची काळी विद्या थोडी आपल्याच घरून गेलेली आहे! १८९९मध्ये क्रौलीनं स्कॉटलंडात लॉक नेस सरोवराकाठी बोलस्किन नावाचं घर घेतलं, महिनोन्‌महिने चालणाऱ्या एका अनुष्ठानासाठी. ते त्यानं अर्धवट सोडलं. सुमारे सत्तर वर्षांनी पेजनं तेच घर विकत घेतलं. लंडनमध्ये या विषयाच्या पुस्तकांचं दुकान काढलं. १९७०च्या तिसऱ्या अल्बमच्या तबकडीत, खाचा संपतात त्या कोऱ्या पट्टीवर, क्रौलीचं वचन कोरून घेतलं. तबकडी दिव्याखाली तिरपी धरली तरच दिसावं असं. रंगमंचावर मात्र कवटी नाही की रक्त नाही. बोलस्किनला तो स्वतः फार राहिलाही नाही, घर मित्र सांभाळत होता.

हळहळ वाटते ती ग्रॅहॅम बॉन्डची. ऑर्गन वाजवणारा जबरदस्त माणूस. जॅक ब्रूस, जिंजर बेकर, जॉन मॅक्लॉफ्लिन हे सगळे त्याच्या बँडमधून गेलेले. आपण क्रौलीचंच पोर आहोत असं त्यानं मनात घेतलं, आणि व्यसनाबरोबर तेही वाढत गेलं. मे १९७४मध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्क स्टेशनात तो भुयारी गाडीखाली गेला. त्याच्याच संगतीत अध्यात्माकडे वळलेला मॅक्लॉफ्लिन पुढं आपल्या झाकीर हुसेनबरोबर ‘शक्ती’ या बँडमध्ये वाजवत होता.

नॉर्वेबद्दल थोडक्यातच सांगतो. तिथल्या मेटल वाजवणाऱ्या काही पोरांनी १९९२पासून लाकडी चर्चं जाळली आणि १९९३मध्ये एका वादकानं दुसऱ्याला भोसकून मारलं. मारणाऱ्याला एकवीस वर्षांची शिक्षा झाली. याला विद्या कुणी म्हणू नये. तो गुन्हा होता.

आता आपल्याकडं पाहा. विदर्भात डहाका आहे. कमरेत बारीक, डमरूच्या घाटाचं वाद्य. त्याच्या ठेक्यावर रात्रभर देवांची गाणी चालतात आणि कुणाच्या तरी अंगात येतं. पेजनं पुस्तकांत शोधलं ते इथं वाजवणाऱ्याच्या हातात आहे, आणि त्याला कुणी सैतानी म्हणत नाही. २०१३चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदाही भजनाकीर्तनाच्या वाटेला जात नाही. अंगात शक्ती आल्याचं भासवून कुणी लोकांना भीती घालू लागला, लुबाडू लागला की मात्र तो आडवा येतो.

यातलं फारसं मी बाईंना सांगितलं नाही. करणीबिरणी काही नाही, पोरगं बरं आहे, एवढं म्हटलं, आणि आयोमीची गोष्ट सांगितली. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. त्यांच्या घरी दोन पिढ्या खाणीत. चहाचा कप खाली ठेवत त्यांनी विचारलं,

“मंग त्या पोट्ट्याले कंपनीनं बोटाचे काही पैसे देल्ले का नाही?”